शेपटीतली छत्री

इंग्लंडातल्या स्कार्बी हीथच्या जुन्या विमानतळावर मंगळवारी आणि शनिवारी जुनी विमानं जपणाऱ्या मंडळाची जी हौशी माणसं जमायची, त्यांच्या नखांत काळं ग्रीस कायमचं मुरलेलं असायचं. डोरीन मॉल्टबीच्या बोटांवर मात्र सुयांच्या टोचण्या असत. हँगरच्या मागे एक पत्र्याची खोली होती. तिच्यात वीस फूट लांब टेबल, जाडं कापड शिवायचं एक दणकट मशीन आणि भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या नायलॉनच्या दोऱ्या. खोलीच्या दारावर कोणीतरी खडूनं 'शिंपीणबाई' असं लिहून ठेवलं होतं. डोरीननं ते पुसलं नाही. पावसानं अक्षरं फिकी झाली की तीच ती पुन्हा गिरवायची.

हँगरात चार जुनी लढाऊ जेट विमानं होती. तीन नुसती पुसून ठेवलेली. चौथं, लायटनिंग, ते मात्र जिवंत. जिवंत हा तिथल्या लोकांचा शब्द. म्हणजे त्याची दोन्ही इंजिनं सुरू व्हायची, दिवे लागायचे, आणि वर्षातून चार-पाचदा, लोक बघायला जमले की ते धावपट्टीवरून सुसाट पळायचं. उडायचं नाही. उडायची परवानगी त्याला नव्हती. पण नाक उचलून, शेपटीतून ज्वाळा ओकत ते समोरून गेलं की कुंपणाशी उभ्या असलेल्यांच्या छातीतली हाडं थरथरायची, आणि म्हातारे बाप्ये डोळ्यांत धूळ गेल्याचं सोंग करायचे.

आता, पळालं की थांबायला हवंच. त्यासाठी चाकांना ब्रेक होते आणि शेपटीखालच्या कप्प्यात एक छत्री, म्हणजे पॅराशूट, होती. वैमानिकानं मूठ ओढली की कप्प्याची दारं उघडायची, छत्री मागे फुलायची आणि विमानाला मागच्या मागे खेचून धरायची. ही छत्री डोरीनची. ती धुणं, सुकवणं, तपासणं, शिवणं, घडी घालून कप्प्यात कोंबणं, सगळं तीच करायची.

हे काम ती शिकली हवाई दलात. चौसष्ट साली, अठराव्या वर्षी, बापाच्या बेकरीतल्या पहाटेच्या कणकेला कंटाळून ती महिला शाखेत भरती झाली आणि तिला वैमानिकांच्या छत्र्या बांधायच्या विभागात टाकलं गेलं. तिथे युनिस टेट नावाची कॉर्पोरल हुद्द्याची एक बाई होती. काटकुळी, ओठ कायम मिटलेले. एखाद्या मुलीनं छत्री बांधून सही करायला पेन उचललं की युनिस शांतपणे विचारायची, "ही घेऊन तुझा सख्खा भाऊ उडी मारणार असेल, तर रात्री झोप लागेल?" पहिल्या महिन्यात डोरीननं तीनदा पेन खाली ठेवलं आणि छत्री पुन्हा उलगडली. पुढे पेन खाली ठेवायची वेळ येईना. सात वर्षं तिनं ते काम केलं. मग पोटुशी राहिली, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे तिला दल सोडावं लागलं. लिंकनमधल्या एका दुकानात ती पडदे शिवू लागली. चोवीस वर्षं पडदे. लोकांच्या खिडक्यांना झालरी लावताना तिला कधी कधी वाटायचं, हा टाका उसवला तर फार तर ऊन आत येईल.

नवरा रॉय बसचा ड्रायव्हर. अठ्ठ्याण्णव साली, उन्हाळ्यात, तो निवृत्त लोकांची सहल घेऊन स्कार्बी हीथला निघाला होता. एक जागा रिकामी होती म्हणून डोरीन बरोबर आली. विमानं दोरीच्या पलीकडे मांडून ठेवली होती. लायटनिंगच्या शेपटीखाली छत्री जमिनीवर पसरलेली होती, आणि एक टकला, रुंद खांद्यांचा माणूस तिला गुडघ्यानं दाबून पिशवीत भरत होता, उसाचा चोथा पोत्यात भरावा तसा.

डोरीन दोरीखालून वाकून सरळ आत गेली.

"हे रोज तुम्हीच बांधता?"

"मीच. का?"

"घरी चादरींच्या घड्या कोण घालतं?"

"बायको."

"वाटलंच," डोरीन म्हणाली.

मागे रॉयनं तोंड आइस्क्रीममध्ये खुपसलं. ते शब्द कुठं घेऊन जाणार हे त्याला पंचवीस-तीस वर्षांच्या अनुभवानं कळलं होतं.

तो टकला माणूस म्हणजे क्लाइव्ह रुडकिन. तीस वर्षं हवाई दलात इंजिनं उघडून जोडलेला, आणि या मंडळाचा म्होरक्या. तो उभा राहिला, हात पुसले. "बाईसाहेब, तुम्हाला यातलं काही कळतं का?"

डोरीननं अंगातला कोट काढला, पर्ससकट रॉयच्या हातात दिला आणि काँक्रीटवर गुडघे टेकले. पाऊण तास ती कोणाशी बोलली नाही. दोऱ्या ओळीनं लावल्या, पट्ट्या एकावर एक बसवल्या, मध्येच एक उसवलेली शिवण क्लाइव्हच्या नाकासमोर धरली आणि पुढचं काम चालू ठेवलं. झालं तेव्हा पिशवी पहिल्यापेक्षा निम्मी दिसत होती.

क्लाइव्हनं ती उचलून पाहिली, उलटी करून पाहिली. "मंगळवारी येता का?"

"दहा वाजता. आणि ही जमीन झाडून ठेवा. नायलॉनला वाळूचा कण म्हणजे सुरी."

मंगळवारी ती आली तेव्हा जमीन नुसती झाडलेली नव्हती, धुतलेली होती.

त्यानंतरची नऊ वर्षं बरी गेली. अहोजाहो कधीच सुटलं. क्लाइव्ह इंजिनं बघायचा, डोरीन छत्र्या, आणि दोघं एकमेकांना टोमणे मारत चहा प्यायचे. वैमानिक होता ह्यू पेन्रोज. तरुणपणी हेच विमान खऱ्या आकाशात चालवलेला, आता केस पांढरे, पण पाठ ताठ. मंडळाचा एक नियम होता. विमान पळवण्याआधी प्रत्येकानं आपापल्या कामापुढे कार्डावर सही करायची: इंजिनं, टायर, ब्रेक, छत्री. ह्यू ते कार्ड वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय शिडीवर पाय ठेवत नसे.

अडचण एवढीच, की दर वेळी छत्री काँक्रीटवर घासली जाई. सुरुवातीला मंडळाकडे पाच छत्र्या होत्या. नव्या बनवणारं जगात कोणी उरलं नव्हतं. डोरीन ठिगळं लावत, पट्ट्या बदलत एकेक छत्री वर्षानुवर्षं ओढत राहिली, आणि दोन हजार सातच्या शरद ऋतूत शेवटची छत्री तिच्या टेबलावर आली. तिनं ती खिडकीच्या उजेडात धरली. कापडातून पलीकडचं गवत दिसत होतं. तिनं दोन बोटांनी नुसतं ओढलं तर पट्टी वर्तमानपत्रासारखी फाटली.

क्लाइव्ह चहाचे दोन मग घेऊन दारात आला तेव्हा डोरीनच्या हातात मोठी कात्री होती, आणि छत्री मधोमध कापलेली.

"अगं, वेड लागलंय का तुला! शेवटची होती ती!"

"म्हणूनच कापली. नाहीतर तू 'फक्त एकदा, फक्त एकदा' करत लावली असतीस."

"लावलीच असती! ठिगळ मारून लावली असती!"

"ठाऊक आहे मला. म्हणून तर कापली."

क्लाइव्हनं मग टेबलावर आदळले. चहा सांडला. तो वळून निघून गेला.

पुढच्या शनिवारी त्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं, की विमान यापुढे बिनछत्रीचं पळेल. ब्रेक उत्तम आहेत, ते त्यानं स्वतः बसवलेत, आणि धावपट्टी काही लहान नाही.

"काही लहान नाही?" डोरीन म्हणाली. "मी आले तेव्हा ती पावणेदोन मैल होती. आता शेवटचा अर्धा मैल कोणाच्या ताब्यात आहे?"

सगळ्यांना माहीत होतं. विमानतळाच्या मालकानं धावपट्टीचा तो तुकडा एका कंपनीला नव्या गाड्या ठेवायला भाड्यानं दिला होता. शेकडो गाड्या, काचेला काच लावून उभ्या, आणि त्यांच्या अलीकडे एक तारेचं कुंपण.

"सव्वा मैल पुरतो," क्लाइव्ह म्हणाला. "ब्रेक चालले की पुरतो."

"आणि नाही चालले तर?"

"डोरीन, तुला तुझ्या त्या कापडापलीकडे काही दिसतच नाही!"

"तुला तुझ्या लोखंडापलीकडे दिसतं का? पळव तू. पण कार्डावर छत्रीच्या रकान्यात माझी सही नसेल."

"रकाना रिकामा ठेवीन."

"ठेव. आणि तो रिकामा रकाना ह्यूला दाखव."

क्लाइव्ह हट्टी होता, पण लबाड नव्हता. त्यानं कार्ड खरंच ह्यूसमोर धरलं. ह्यूनं ते वाचलं, घडी केली आणि परत दिलं. "मी थांबतो, क्लाइव्ह. घाई कसली आहे?"

म्हणून त्या हिवाळ्यात लायटनिंग पळालं नाही. महिन्यातून एकदा ते जागच्या जागी साखळीला बांधून सुरू करायचे, गोठ्यातल्या जनावराला उभ्या उभ्या चारा घालावा तसं. क्लाइव्ह डोरीनशी बोलेनासा झाला. चहाचा मग आपला आपण भरायचा.

डोरीननं मात्र कापलेल्या छत्रीची एकेक शिवण उसवली, प्रत्येक तुकडा कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखला आणि नवी छत्री शिवायला घेतली. सॉमरसेटमधल्या एका जुन्या गिरणीच्या गोदामात हवं तसं नायलॉन शिल्लक असल्याचा तिला पत्ता लागला. घरात एवढं कापड पसरायला जागा नव्हती, म्हणून गावच्या सभागृहाची सोमवार सकाळ तिनं मागून घेतली. इतर दिवशी तिथे बालवाडी, बागकामवाले आणि म्हाताऱ्यांचा नाच असे. रॉय दुसरं टोक धरायचा.

"माझं लग्न बाईशी झालं होतं की तंबूशी?" तो विचारायचा.

"हलू नकोस. रेघ वाकडी जाते."

"नाक खाजतंय गं."

"मग खाजू दे."

साडेतीनशे वार पट्टी, प्रत्येक शिवणीला चार टिपा. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. सभागृहातलं तापवायचं यंत्र बिघडलं तेव्हा डोरीन हातमोज्यांची बोटं कापून शिवायला बसली. मार्चअखेर छत्री तयार झाली. गोल, पांढरी, मध्ये मोठं भोक, आणि पट्ट्यांच्या मधे वारा जायला फटी. सभागृहाच्या जमिनीवर तिनं ती पसरली आणि भोवतीनं अनवाणी एक फेरी मारली.

पण आकाशपाताळ एक करून शिवलेली छत्री चालते की नाही हे कळायचं कसं? विमानाला थेट लावणं म्हणजे जुगार. रॉयच म्हणाला, "वेगानं ओढायचीय ना? मग बसला लाव की."

त्याच्या जुन्या कंपनीतल्या मित्रांनी सहलीची एक निवृत्त बस जपून ठेवली होती. एका मंगळवारी ती स्कार्बी हीथला आणली गेली. मागच्या बाजूला छत्री अडकवायला मजबूत हूक हवा होता. डोरीन तो शोधत होती, तेवढ्यात क्लाइव्ह बसखाली उताणा शिरला. कोणी बोलावलं नव्हतं. आतून वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या. अर्ध्या तासानं तो बाहेर आला, "बसचा मागचा भाग निघून आला तर माझ्या नावानं ओरडू नका," एवढं म्हणाला आणि हाताची घडी घालून गवतात जाऊन उभा राहिला.

रॉयनं ताशी साठ मैल गाठले. मागच्या सीटवर बसलेल्या डोरीननं दोरी ओढली. छत्री मागे लोळली, एकदा फडफडली आणि उघडली. बसनं असा हिसका खाल्ला, की रॉयची टोपी, सँडविचचा डबा आणि चहाचा थर्मास तिन्ही एकदम पुढच्या काचेवर जाऊन आदळले.

"अरे देवा!" रॉय ओरडला. "ही तर बसला परत घरी घेऊन चाललीय!"

गवतात क्लाइव्ह पोट धरून हसत होता. शरद ऋतूपासून पहिल्यांदाच.

डोरीन हसली नाही. ती गुडघ्यांवर बसून छत्री तपासत होती. एका पट्टीशी शिवण वीतभर उसवली होती. तिनं दोरा ओढून पाहिला, मग दुसऱ्या शिवणीचा दोरा त्याच्या शेजारी धरला. एक किंचित बारीक होता. रीळ बदलताना तिनं चुकीचं घेतलं होतं, आणि लक्षातच आलं नव्हतं.

"वीतभरच आहे गं," क्लाइव्ह जवळ येऊन म्हणाला. महिनोन्महिन्यांत तिच्याशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य. "शिवून टाक."

"बसमागे वीतभर. विमानामागे किती? त्या रिळानं मी निम्मी छत्री शिवलीय, क्लाइव्ह. सगळी उसवायला हवी."

चूक तिनं स्वतःच दाखवली होती. लपवली असती तर कोणाला कळलं नसतं. क्लाइव्ह पत्र्याच्या खोलीत गेला, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "ते टाके काढायचं हत्यार मला दे एक. आणि कापड फाडलं तर आधीच माफी मागतो."

दोघांनी मिळून पाच आठवडे टाके काढले. क्लाइव्हनं दोनदा कापड फाडलं, तिनं दोनदा शिव्या घातल्या. जूनमध्ये छत्री पुन्हा तयार झाली, पुन्हा बसमागे ओढली गेली, आणि या वेळी एक टाकाही हलला नाही. रॉयनं डबा आणि थर्मास आधीच घरी ठेवला होता.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्रदर्शन ठरलं. जवळजवळ वर्षानं लायटनिंग पळणार म्हणून लोक लांबून लांबून आले. वाहनतळ अकरालाच भरला, म्हणून उशिरा आलेल्या सहलींच्या बसना धावपट्टीच्या टोकाला, त्या गाड्यांच्या कुंपणापलीकडच्या गवतावर जागा दिली गेली. लोक तिथेच चटया अंथरून डबे उघडून बसले.

डोरीननं सकाळी छत्री कप्प्यात बसवली आणि कार्डावर सही केली. क्लाइव्हनं ब्रेकपुढे सही केली. त्यानं ठरवलं होतं, की विमान दोनदा पळवायचं. पहिल्यांदा नुसत्या ब्रेकवर थांबवायचं, हवा कोरडी आहे. आणि दुसऱ्यांदा शेवटी छत्री उघडायची, म्हणजे ती एकदाच घासेल. डोरीनला ते पटलं. छत्री कप्प्यात असली म्हणजे झालं. ह्यूनं कार्ड खालपर्यंत वाचलं, तिच्याकडे बघून भुवई उडवली आणि शिडी चढला.

अडीच वाजता इंजिनं सुरू झाली. आधी ती कानात सुई घालणारी शिट्टी, मग गडगडाट. डोरीन आणि क्लाइव्ह धावपट्टीच्या मध्यावर, अग्निशमनाच्या गाडीशेजारी उभे होते. क्लाइव्हच्या हातात वायरलेस. विमान सुटलं. त्यांच्यासमोरून गेलं तेव्हा नाक वर होतं, शेपटीतून निळ्या-नारिंगी ज्वाळा निघत होत्या आणि वेग ताशी दीडशे मैलांच्या आसपास होता. मग नाक खाली आलं, आवाज ओसरला. आता थांबायचं.

ते थांबेना.

वायरलेसवर ह्यूचा आवाज आला, चहात साखर किती असं विचारावं तितका शांत. "ब्रेक गेले. दोन्हीकडचे."

डोरीनला दूरवर कुंपण दिसत होतं, त्यामागे गाड्यांच्या काचांवर चमकणारं ऊन, आणि त्याही मागे बसचे पांढरे चौकोन.

"छत्री," ह्यू म्हणाला.

शेपटीखालची दारं उघडली. आधी छोटी छत्री उडी मारून बाहेर आली आणि तिनं मोठीला ओढून काढलं. मोठी तशीच लांबट, मिटलेली, विमानामागे फरफटत चालली. डोरीननं मनात मोजलं. एक. दोन. कधी नव्हे ती तिनं क्लाइव्हची बाही घट्ट पकडली होती.

मग ती उघडली. आधी डोळ्यांनी दिसली, पांढरी, टम्म फुगलेली. आवाज मागाहून आला, ओली चादर कोणीतरी जोरात झटकावी तसा. विमानाचं नाक खाली झुकलं. त्याचा वेग असा उतरत गेला, की जणू कोणी मागून शेपूट धरलं आहे. ते हळू झालं, आणखी हळू झालं, चालत्या माणसाइतकं झालं, आणि उभं राहिलं. मागे छत्री अलगद जमिनीवर बसली.

"थांबलो," ह्यूचा आवाज आला. आता त्यात किंचित कंप होता. "कुंपण दिसतंय. अगदी स्पष्ट दिसतंय. पण लागलं नाही."

ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्याला यातलं काही कळलंच नव्हतं. "पाहिलंत ना मंडळी!" तो उत्साहानं सांगत होता. "काय सुरेख उघडली छत्री! खास आपल्यासाठी!" चार हजार लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंपणापलीकडच्या गवतावरचे लोक उभे राहून हात हलवू लागले.

डोरीन जिथल्या तिथे गवतात बसली. शेजारी क्लाइव्हही बसला, आणि बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपला उजवा गुडघा वाकत नाही.

"आता मला उठवणार कोण?" तो म्हणाला.

डोरीनला हसू आलं, आणि ते थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. क्लाइव्हचंही तेच. अग्निशमनाची गाडी विमानाकडे निघून गेली आणि ती दोघं म्हातारी माणसं गवतात बसून मुलांसारखी हसत राहिली. जिवात जीव आला की माणूस असंच काहीतरी वेड्यासारखं करतं.

रॉय चहाच्या तंबूतून धापा टाकत आला. हातातल्या कपातला अर्धा चहा वाटेत सांडलेला. "कोणाला लागलं का? काय झालं? मला सांगा ना काय झालं!"

"काही झालं नाही," डोरीन डोळे पुसत म्हणाली. "रॉय, काहीसुद्धा झालं नाही."

ह्यू पायी चालत आला. शिरस्त्राण काखेत, केस घामानं चिकटलेले. तो डोरीनसमोर थांबला आणि तिनं उठायच्या आत स्वतःच गवतात बसला.

"आमच्या वेळी रिवाज होता, मिसेस मॉल्टबी. ज्याचा जीव छत्रीनं वाचतो, त्यानं ती बांधणाऱ्याला बाटली आणून द्यायची. काय आवडतं तुम्हाला?"

"मला कधी कोणी आणून दिली नाही," डोरीन म्हणाली. "सात वर्षं मी त्यांच्या छत्र्या बांधल्या. त्या कोणाला लागल्याच नाहीत, याचं मला बरंच वाटायचं." तिनं हातावरचं गवत झटकलं. "शेरी. गोड. आणि रॉयला त्यातली मिळणार नाही."

क्लाइव्ह गवताची काडी मोडत होता. "मी हे बिनछत्रीचं पळवणार होतो," तो कोणाकडेही न बघता म्हणाला.

"पळवलंस का?"

"तू पळवू दिलं नाहीस."

"मग झालं तर. चल, ऊठ. रॉय, याला त्या बाजूनं धर."

दुसऱ्या दिवशी ब्रेक उघडले तेव्हा कारण सापडलं. दोन्ही ब्रेकना तेल नेणारी रबरी नळी बाहेरून नव्यासारखी होती. आतून मात्र वयानं भुसभुशीत झाली होती, आणि दाब येताच फुटली होती. बाहेरून पाहून ते ओळखणं कोणालाच शक्य नव्हतं. क्लाइव्हनं विमानातल्या झाडून सगळ्या रबरी नळ्या काढल्या आणि नव्या बसवल्या, त्यात पुढचा अख्खा हिवाळा गेला. मालकाशी बोलून गाड्यांचं कुंपण पाव मैल मागे नेलं, आणि टोकाला माणसं बसवणं कायमचं बंद झालं. हँगरच्या भिंतीवर एक पाटी लागली: छत्रीशिवाय विमान पळणार नाही. पाटीवरचं अक्षर क्लाइव्हचं होतं.

त्याच हिवाळ्यात छत्री बांधायला शिकायला डोरीनकडे दोन विद्यार्थी आले. एक हेस्टर बीसन, गावची निवृत्त पोस्टमन बाई. दुसरा क्लाइव्ह. हेस्टर तीन आठवड्यांत शिकली. क्लाइव्हला एप्रिल उजाडला, आणि त्यानं सही करायला पेन उचललं तेव्हा डोरीननं त्याला दोनदा सगळं उलगडून परत बांधायला लावलं. तो कुरकुरला, पण दोन्ही वेळा त्यानं ते केलं.

लायटनिंग पुढेही पळत राहिलं. डोरीन अठ्ठ्याहत्तर वर्षांची होईपर्यंत त्याच्या शेपटीत तिनं शिवलेल्याच छत्र्या होत्या, एकूण चार. त्यानंतर हेस्टरनं पाचवी शिवली, आणि डोरीननं ती खिडकीच्या उजेडात धरून तासभर पाहिली. खोड काढायला तिला काही सापडलं नाही, म्हणून ती जरा रागावलेलीच घरी गेली.

पण त्या प्रदर्शनानंतरच्या सोमवारची गोष्ट राहिलीच. पहिल्या नव्या छत्रीला गवताचे आणि काँक्रीटचे डाग पडले होते, आणि गरम पाण्यात सौम्य साबण घालून भिजवल्याशिवाय ते निघणार नव्हते. घरातलं सर्वांत मोठं भांडं म्हणजे न्हाणीघरातला टब. सकाळी रॉय टॉवेल खांद्यावर टाकून आत गेला आणि तसाच बाहेर आला.

"डोरीन! मी आंघोळ कुठं करायची?"

"स्वयंपाकघरातल्या नळाखाली," ती आतून म्हणाली. बाह्या कोपरापर्यंत वर, हात फेसात. "आणि केटल चढव. आज मला कुठं जायचं नाहीये."